नकाराचा अधिकार : जपानी ॲनिमेशनपटांतील अनिच्छुक बालनायक

प्रस्तावना

ज्याला पराक्रमाची हौस नाही, जो आलेल्या हाकेला आधी नकार देतो आणि परिस्थितीच्या रेट्यामुळे अखेर पुढे सरसावतो, अशा नायकासाठी 'अनिच्छुक नायक' ही संज्ञा चित्रपटाभ्यासात आता रूढ झाली आहे. तिचे मूळ बहुतेक वेळा जोसेफ कॅम्बेल यांच्या 'द हीरो विथ अ थाउजंड फेसेस' (१९४९) या ग्रंथात शोधले जाते. प्रस्थान, दीक्षा आणि पुनरागमन असा नायकाच्या प्रवासाचा जो आराखडा कॅम्बेल यांनी मांडला, त्यात 'हाकेला नकार' ही प्रस्थानातील एक पायरी आहे. जो या पायरीवरच अडून राहतो, त्याचे आयुष्य त्यांच्या मते वांझ ठरते. पुढे पटकथालेखनाच्या मार्गदर्शक पुस्तकांनी हा आराखडा पाककृतीसारखा वापरला आणि नकार हा चित्रपटाच्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत उरकावयाचा विधी होऊन बसला.

जपानी ॲनिमेशनपटांविषयी लिहितानाही हाच आराखडा सर्रास लावला जातो. भित्री मुलगी धीट झाली, अबोल मुलगा शहाणा झाला, असा त्यातून सारांश निघतो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. मात्र त्यामुळे या चित्रपटांतील मूळ प्रश्न नजरेआड होतो. हायाओ मियाझाकी यांचे 'सेन तो चिहिरो नो कामिकाकुशी' (२००१) आणि 'किमिताची वा दो इकिरु का' (२०२३), तसेच माकोतो शिनकाई यांचा 'तेन्की नो को' (२०१९) हे तीन चित्रपट आपल्याकडे अनुक्रमे 'स्पिरिटेड अवे', 'द बॉय अँड द हेरॉन' आणि 'वेदरिंग विथ यू' या नावांनी परिचित आहेत. या तिन्हींत मुलांची अनिच्छा ही मात करण्याजोगी उणीव नसून, मोठ्यांनी मांडून ठेवलेल्या जगावर मुलांनी दिलेला तो अभिप्राय आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

चिहिरो : हाक नाही, काम आहे

'स्पिरिटेड अवे'च्या प्रारंभी दहा वर्षांची चिहिरो मोटारीच्या मागच्या आसनावर निरोपाचा पुष्पगुच्छ उराशी धरून आडवी पडलेली दिसते. नवे गाव, नवी शाळा यांपैकी काहीच तिला नको आहे. बोगद्याच्या तोंडाशीही ती आत येण्यास नकार देते. आत शिरतात ते आईवडील. पलीकडचे ओसाड बांधकाम म्हणजे नव्वदीच्या दशकाच्या आरंभी उभारलेले आणि अर्थव्यवस्था कोसळल्यावर बुडालेले एक मनोरंजन उद्यान असावे, असे वडील सहज बोलून जातात. जपानी प्रेक्षकाला या एका वाक्यातून फुग्यासारखी फुगलेली आणि फुटलेली ती सारी अर्थव्यवस्था आठवते. त्यानंतर मालकाचा पत्ता नसलेल्या खानावळीत ते ताटावर तुटून पडतात. पैशाची चिंता नाही, आपल्याजवळ रोख रक्कम आणि क्रेडिट कार्ड दोन्ही आहे, असा त्यांचा दिलासा असतो. त्यांचे डुकरांत रूपांतर होते, ते या दिलाशानंतर. चिहिरो मात्र खात नाही. तिच्या बचावाचा आरंभ अशा रीतीने तिच्या नकारापासून होतो, ही बाब आराखड्याच्या अभ्यासकांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही.

पुढील भागात तिला कोणी हाक देत नाही. भविष्यवाणी नाही, कुलाचा वारसा नाही, निवडलेपणाची खूण नाही. देवदेवतांच्या या स्नानगृहात जगावयाचे असेल तर काम मागावे लागते आणि जो काम मागेल त्याला ते देण्यास मालकीण युबाबा शपथेने बांधलेली आहे, इतकाच नियम. बाहेरच्या उंच, कठडा नसलेल्या जिन्यावरून चिहिरो आधी बसून एकेक पायरी उतरते. एक पायरी तुटते आणि ती धडधडत खाली येते. या उतरण्यात शौर्याचा लवलेश नाही. बंबाजवळ काजळीचे इवलेसे गोळे कोळसा वाहत असतात. त्यांतील एक ओझ्याखाली चिरडतो, तेव्हा चिहिरो तो कोळसा उचलते. पण उचलल्यावर त्याचे काय करावे, हे तिला उमगत नाही. हात घातला आहेस तर काम शेवटास ने, अशा अर्थाचे सहा हातांच्या कामाजीचे खडसावणे तिला ऐकावे लागते आणि ती धडपडत भट्टीपर्यंत जाते. ते पाहून बाकीचे सारे काजळीचे गोळेही आपापल्या कोळशाखाली आडवे पडतात. श्रमाचे गांभीर्य सांगता सांगता कामचुकारपणाची अशी गंमत करावी, हे मियाझाकींनाच साधते.

चित्रपटातील कृतीची जात या एका प्रसंगाने ठरते. दुर्गंधीयुक्त देवाला स्नान घालण्याचे काम चिहिरोकडे येते ते इतरांना नको असते म्हणून. त्याच्या अंगात काट्यासारखे काहीतरी रुतले आहे, हे तिला कळते ते हात चिखलात बुडालेले असल्यामुळे. दोर बांधून ओढले असता सायकल आणि माणसांनी नदीत लोटलेला कचरा बाहेर येतो. नदीदेवतेच्या अंगातील हा काटा पुराणातला राक्षस नाही. तो चिहिरोच्या आईवडिलांच्या पिढीने टाकलेला आहे. हाकूचीही तीच कथा. तो ज्या कोहाकू नदीचा आत्मा, ती नदी इमारतींसाठी बुजविण्यात आली. सुझन नेपिअर यांनी या स्नानगृहाचे वाचन कार्निव्हल आणि अशुद्धता यांच्या अंगाने केले आहे. ते मर्मग्राही आहेच. पण या घाणीचे आणखी एक अंग असे, की ती मोठ्यांची आहे आणि उपसते आहे एक मूल.

म्हणूनच चित्रपटाचा शेवट महत्त्वाचा ठरतो. डुकरांच्या कळपात आपले आईवडील नाहीत, हे चिहिरो ओळखते. कसे, ते चित्रपट सांगत नाही. त्यानंतर ती बोगद्यातून परतते तेव्हा आरंभीच्याच दृश्याची पुनरावृत्ती होते. ती आईच्या दंडाला तशीच बिलगलेली आहे आणि असे बिलगू नकोस म्हणून आई तशीच कुरकुरते आहे. झेनिबाने दिलेला केस बांधण्याचा धागा तेवढा चकाकतो. जिने एवढे सारे पार पाडले, तिचा मुलगी म्हणून भिण्याचा हक्क दिग्दर्शकाने काढून घेतलेला नाही. 'भित्री मुलगी धीट झाली' हा सारांश या दृश्यापाशी लटका पडतो. 'कामिकाकुशी' म्हणजे देवांनी माणसाला दडवून नेणे ही जपानी लोकसमजूत. तीत हरवणारा काही कमवावयास गेलेला नसतो. विजययात्रेचा साचा या शीर्षकाशीच मुळात जुळत नाही.

होदाका : किंमत कोणी द्यावी?

शिनकाई यांच्या 'वेदरिंग विथ यू'मध्ये नकार उघडपणे कथेच्या केंद्रस्थानी येतो. हा चित्रपट भारतातील चाहत्यांच्या मागणीनंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये येथील चित्रपटगृहांत दाखविण्यात आला. बेटावरून पळून आलेला सोळा वर्षांचा होदाका आणि प्रार्थनेने आभाळ मोकळे करणारी हिना यांची ही कथा. संततधार पावसात बुडणाऱ्या टोकियोला ऊन हवे असेल तर हिनाने नाहीसे व्हावे, असा जुना संकेत आहे. हे गृहीत धरावयास शहरातील प्रौढांना फारसे जड जात नाही. होदाका मात्र तिला आभाळातून परत आणतो. पाऊस पुन्हा सुरू होतो, वर्षानुवर्षे थांबत नाही आणि टोकियोचा मोठा भाग पाण्याखाली जातो.

लोकहितासाठी एकाचा बळी, या सूत्रावर जगभरच्या वीरकथा उभ्या आहेत. ते सूत्र येथे एक मुलगा झुगारून देतो आणि झुगारण्याची किंमत चित्रपट लपवीत नाही, हे शिनकाईंचे मोठे धाडस होय. अखेरीस एक वृद्धा होदाकाला समजावते, की टोकियोचा हा भाग पूर्वी समुद्राची खाडीच होता, तो पूर्ववत झाला इतकेच. होदाका हे सांत्वन स्वीकारत नाही. जग आम्ही बदलले, ही जबाबदारी तो स्वतःकडे घेतो. येथपर्यंत चित्रपट कसदार आहे. परंतु निवडीचा तो क्षण मात्र मेघांतून कोसळणारी दोन शरीरे आणि उंचावत जाणारे गाणे यांच्या ओघात निघून जातो. प्रेमाच्या उत्कटतेने प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, सोसलेला वाटत नाही. ज्यांची घरे बुडाली त्या माणसांचे चेहरे चित्रपटात जवळजवळ नाहीतच, ही उणीव ठळकपणे जाणवते.

माहितो : वारसा नको

'द बॉय अँड द हेरॉन'मध्ये तोच प्रश्न अधिक अवघड रूपात मांडला गेला. जुलै २०२३ मध्ये जपानात जवळजवळ कोणतीही जाहिरात न करता प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला २०२४ मध्ये ऑस्कर मिळाले. प्रदर्शनसमयी मियाझाकी ८२ वर्षांचे होते. चित्रपटाचे जपानी शीर्षक गेन्झाबुरो योशिनो यांच्या १९३७ च्या कादंबरीवरून घेतले आहे. त्याचा अर्थ 'तुम्ही कसे जगणार?' असा होतो. कथानक मात्र कादंबरीचे नाही.

युद्धकाळात रुग्णालयाच्या आगीत माहितोची आई जाते. वडील विमानांचे भाग बनविणाऱ्या कारखान्याचे मालक असून ते मृत पत्नीच्या बहिणीशी, नात्सुकोशी विवाह करतात. मियाझाकी यांच्या घरचाही युद्धकाळात विमानांचे भाग बनविण्याचा कारखाना होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. नव्या शाळेत मारामारी झाल्यावर माहितो वाटेत दगडाने स्वतःचेच डोके फोडून घेतो आणि खरे काय घडले ते घरी सांगत नाही. पुढे नात्सुको गूढ मनोऱ्यात नाहीशी होते, तेव्हा तो तिच्या शोधात निघतो. पण ती आपली कोण, असे विचारले असता, ती वडिलांना आवडणारी व्यक्ती आहे, एवढेच तो सांगतो. माया नसताना केलेले हे कर्तव्य आहे. अनिच्छेचे इतके अचूक चित्र या प्रकारच्या चित्रपटांत विरळाच.

मनोऱ्यातील जगाचा धनी माहितोच्या आईचा चुलत आजोबा आहे. ठोकळे एकावर एक रचून त्याने हे जग तोलून धरले आहे. तो थकला आहे आणि त्याला आपल्याच रक्ताचा वारस हवा आहे. दुष्टाव्याचा स्पर्श न झालेले तेरा दगड तो माहितोपुढे ठेवतो. दर तीन दिवसांनी एक रच आणि स्वतःचे निर्मळ जग उभे कर, अशी त्याची विनवणी आहे. माहितो डोक्यावरच्या व्रणाकडे बोट दाखवितो. ही माझ्यातील दुष्टाव्याची खूण आहे, तेव्हा या दगडांना मी हात लावू शकत नाही, असे तो म्हणतो. बाहेरचे जग लवकरच आगीत होरपळणार, हे बजावल्यावरही त्याला परत जाऊन मित्र जोडावयाचे आहेत.

हा नकार होदाकाच्या नकारापेक्षा खोल आहे. होदाका जगाला नकार देतो तो प्रेमाच्या बळावर. माहितो निर्मळ जगाला नकार देतो तो स्वतःची ओळख पटल्यामुळे. मराठी वाचकाला येथे ययातीची कथा आठवणे स्वाभाविक आहे. महाभारतात पित्याचे वार्धक्य घेण्यास नकार देणारे पुत्र शापाचे धनी होतात आणि ते स्वीकारणारा पुरू राज्याचा. मियाझाकींच्या चित्रपटात वृद्धाने मागितलेले नाकारणारा मुलगाच नायक आहे आणि त्याला कोणी शाप देत नाही. वृद्ध त्याला परत जाऊ देतो. योशिनोंच्या कादंबरीतील मामा भाच्याला वहीतून विचार देतो, जग देत नाही. मनोऱ्यातला आजोबा जग देऊ पाहतो. आईने आपल्यासाठी ठेवलेली हीच कादंबरी वाचताना माहितोच्या डोळ्यांत पाणी येते, त्याचा संबंध या फरकाशी असावा.

वारशाचा हा प्रश्न स्टुडिओ जिब्लीच्या दारातही उभा होता. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे नियंत्रण २०२३ मध्ये निप्पॉन टेलिव्हिजनकडे गेले. उत्तराधिकारी म्हणून मियाझाकींचे पुत्र गोरो यांचे नाव वारंवार पुढे येत होते. परंतु हा भार एकट्याने पेलणे कठीण, या कारणास्तव त्यांनी तो नाकारला, असे तेव्हा जाहीर करण्यात आले. चित्रपट आधी पूर्ण झालेला होता, त्यामुळे एकावरून दुसऱ्याचा अर्थ लावणे उचित नव्हे. तरीही दगड रचणाऱ्या त्या वृद्धाच्या चेहऱ्यावर माहितोच्या उत्तरानंतर राग का दिसत नाही, याचा विचार करताना ही घटना दृष्टीआड करता येत नाही.

दगड अखेर पोपटांचा राजा घाईघाईने रचतो, ते डळमळतात, तो संतापून तलवार चालवितो आणि जग कोसळते. बाहेर पडताच अक्राळविक्राळ पोपट साधे पक्षी होतात व परतलेल्यांची अंगे विष्ठेने माखतात, नात्सुको हसते. माहितोच्या खिशात त्या जगातला एक लहानसा दगड राहिलेला असतो. त्याची शक्ती फारशी नाही, हळूहळू तू हे सारे विसरशील, असे बगळा त्याला सांगून जातो. युद्ध संपल्यानंतर दोन वर्षांनी माहितो आईवडील आणि धाकट्या भावासह टोकियोला परततो. तेथे त्याने काय केले, हे चित्रपट दाखवीत नाही.