भावनेचे नाव आणि भावनेचा अर्थ : कॅथरीन लुट्झ यांच्या प्रतिपादनाची चिकित्सा

भावना ही मानवमात्राला निसर्गतः लाभलेली असते, की ती संस्कृतीच्या मुशीतून घडते, हा प्रश्न मानसशास्त्राइतकाच साहित्यविचारालाही भिडणारा आहे. प्रस्तुत लेखात लुट्झ यांच्या ‘अननॅचरल इमोशन्स’ (१९८८) या ग्रंथाच्या आधारे या प्रश्नाचा परामर्श घेतला आहे.

पॉल एकमन यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांना छोटी गोष्ट सांगून तिला जुळणारे छायाचित्र निवडावयास लावले. आनंद, दुःख, क्रोध, भय, किळस व आश्चर्य यांच्या मुद्रा सार्वत्रिक असल्याचा निष्कर्ष त्यातून पुढे आला. तथापि, भय व आश्चर्य यांच्या मुद्रांत फोरे लोकांनी नीटसा भेद केला नाही. शिवाय मोजक्या चित्रांतून एकच निवडण्याची पद्धत उत्तराला आधीच मर्यादा घालते.

लुट्झ यांची दिशा वेगळी आहे. मायक्रोनेशियातील इफालुक या लहानशा प्रवाळद्वीपावर राहून त्यांनी तेथील भावनावाचक शब्दांचा व्यवहार अभ्यासला. ‘फागो’ या शब्दात करुणा, प्रेम आणि दुःख एकवटलेले आहे. आजारी, गरजू अथवा दूर जाणाऱ्या माणसाविषयी तो वापरला जातो आणि त्याची काळजी घेण्यास प्रवृत्त करतो. ‘सोंग’ म्हणजे न्याय्य संताप; मराठीतील ‘सोंगा’शी त्याचे केवळ ध्वनिसाम्य आहे. एकाचा ‘सोंग’ दुसऱ्याच्या मनात ‘मेतागू’ म्हणजे भय जागे करतो. भावना ही अशा रीतीने केवळ अंतरीची अवस्था न राहता परस्परसंबंधांतील नैतिक विधान ठरते, हे या ग्रंथाचे मोलाचे योगदान होय.

मात्र त्याला दोन मर्यादा आहेत. लुट्झ ‘पाश्चात्त्य’ दृष्टी बरीचशी एकजिनसी मानतात. दुसरे असे की, ‘फागो’चा अर्थ इंग्रजीत विस्ताराने समजावून देता येतो, यावरून एकशब्दी प्रतिशब्दाचा अभाव म्हणजे आकलनाचा अभाव नव्हे, हेच सिद्ध होते.

या वादात भरतमुनींची मांडणी उपयुक्त ठरते. त्यांच्या आठ स्थायी भावांपैकी शोक, क्रोध, भय, जुगुप्सा व विस्मय हे एकमन यांच्या यादीशी जुळतात. परंतु रती व उत्साह यांना तेथे स्थान नाही. याद्यांच्या साम्यापेक्षा महत्त्वाचे हे की, रसनिष्पत्तीसाठी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचा संयोग आवश्यक मानला आहे. मुद्रा हा त्यातील केवळ अनुभाव होय. एकमन यांनी अनुभावालाच प्रमाण मानले. लुट्झ यांनी विभावाकडे, म्हणजे प्रसंग व संबंधांकडे, लक्ष वेधले.

के. ना. वाटवे यांनी ‘रसविमर्श’ (१९४२) या ग्रंथात रसविचाराची आधुनिक मानसशास्त्राशी सांगड घातली. आज त्याला मानवशास्त्राची जोड देणे अगत्याचे आहे. वर्गात ‘करुण’ आणि ‘ट्रॅजेडी’ हे शब्द आपण सहज पर्यायी म्हणून योजतो, तेव्हा अनुभावातील साम्यावर विसंबून विभावातील भेद पुसून टाकतो आणि विद्यार्थ्याच्या हाती दोन्ही परंपरांचे अपुरे आकलन राहते. म्हणून परभाषेतील भावनेचा प्रतिशब्द सांगण्यापूर्वी ती कोणाविषयी, कोणत्या प्रसंगी उद्भवते व कोणत्या कृतीला प्रवृत्त करते, हे विचारणे आवश्यक ठरते.