ड्यूईचा अनुभव: येणारा, घेतलेला आणि भोगलेला

मागच्या व्याख्यानात आपण विल्यम जेम्सपाशी थांबलो होतो. आज जॉन ड्यूई.

लॉकच्या परंपरेत अनुभव म्हणजे काय, तर कोऱ्या मनावर जगानं उमटवलेले ठसे. ड्यूईचा झगडा याच चित्राशी आहे. १८९६ च्या एका लेखात तो जेम्सचंच उदाहरण घेतो. मूल मेणबत्तीच्या ज्योतीकडे हात नेतं, बोट भाजतं. मानसशास्त्र म्हणतं, प्रकाश ही चेतना, हात नेणं हा प्रतिसाद. ड्यूई म्हणतो, थांबा. सुरुवात प्रकाशापासून नाही, पाहण्यापासून आहे, आणि पाहणं ही कृतीच आहे. भाजल्यावर मुलाला दिसते ती 'भाजणारी ज्योत'. केलेलं आणि सोसलेलं असं जोडलं जातं, तेव्हा अनुभव घडतो.

आपली मराठी बघा. अनुभव 'येतो' आणि आपण तो 'घेतो'. ड्यूईला ही दोन्ही क्रियापदं एकत्र हवी आहेत. मात्र न्यायदर्शनातला 'अनुभव' इथं आणू नका. तिथं तो स्मृतीहून वेगळं असं ज्ञान आहे. ड्यूईच्या लेखी ज्ञान नंतरचं, आधी जगण्याचा व्यवहार.

आता माझी हरकत. मराठीत तिसरं क्रियापद आहे, 'भोगणं'. त्या मुलाला हात मागे घेता येतो. ज्याला तो घेऊच दिला जात नाही, त्याचं काय? वाढ खुंटवणारे अनुभवही असतात, हे ड्यूई १९३८ मध्ये 'एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन'मध्ये मान्य करतो. पण ती परिस्थिती कोण लादतो, हा सत्तेचा प्रश्न त्याच्याकडे पातळच राहतो.

तो प्रश्न ऐरणीवर आणला त्याच्याच विद्यार्थ्यानं. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात होते. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते ड्यूईचं ऋण मोकळेपणानं मानतात. पण तिथंच ते दाखवतात की जात श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी करते. म्हणजे माणसानं काय करायचं, हे तो काही करून बघण्याआधीच, जन्मानं ठरलेलं! मग त्यानं 'घ्यायचा' अनुभव कुठला?

अखेरच्या वर्षांत ड्यूईला 'अनुभव'ऐवजी 'संस्कृती' हा शब्द वापरावासा वाटत होता. मला ते पटत नाही. संस्कृती म्हटलं की भाजलेलं बोट कोणाचं, हे विचारायचं राहून जातं. शब्द 'अनुभव'च ठेवू, फक्त दर वेळी 'कोणाचा?' हेही विचारू.

रिचर्ड रॉर्टी तर म्हणतो, अनुभव सोडा, भाषेबद्दल बोला. त्याचा समाचार पुढच्या वेळी.