‘वाफसा’ आणि पाण्याचे वेळापत्रक

कृषिविषयक मराठी लेखनात ‘अमुक दिवसांनी पाणी द्यावे’ अशी विध्यर्थी रचना रूढ आहे. कन्नड तालुक्यातील आल्याच्या, म्हणजे स्थानिक बोलीतील अद्रकाच्या, संदर्भात ती सदोष ठरते. आले हे मूळ नसून जमिनीत वाढणारे खोड होय. त्यास ओल हवी, तशीच हवाही. भारी काळ्या जमिनीत पाणी साचले की हवेस वाव राहत नाही व कंदकूज बळावते. उलट, हलक्या मुरमाड जमिनीत पाण्याचे तेच अंतर कंदाची वाढ खुंटविते. ओल व हवा यांचा हा समतोल शेतकऱ्याचा ‘वाफसा’ हा एकच शब्द नेमका दर्शवितो. ‘पुरेसा ओलावा’ हा त्याचा ग्रांथिक पर्याय हवेचा अर्थांश गाळून टाकतो. म्हणून ‘वाफसा पाहून पाणी द्यावे’ असे लिहिणे हा केवळ बोलीचा अभिमान नव्हे. त्यात पिकाचेही हित आहे.