पोत कोणाच्या हाताचा?

आपल्या समीक्षेत चित्राच्या पोताविषयी लिहिले जाते ते बहुधा कॅनव्हासपुरतेच. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवीत, उतरवीत. त्या पृष्ठभागाला समीक्षक ध्यान म्हणतात, मौन म्हणतात. ते खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. मीही फावल्या वेळात चित्रे काढतो. संग्रहालयात गेलो की चित्र समोरून पाहून झाल्यावर बाजूने पाहतो. तिरप्या उजेडात थर दिसतो, खरवड दिसते, हात कुठे थांबला ते कळते. माझे चित्रकलेचे शिक्षण हेच.

पण मी तारापूरला शिकवतो. इथून डहाणूकडच्या वारली पाड्यांत कुडाच्या भिंतीला शेणामातीचा लेप असतो, त्यावर गेरू. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य. रेघ सुरुवातीला भरीव उमटते, मग कोरडी होत जाते. लेपातली काडीकचरा तिला मध्येच अडवते. या रेघेला ‘भाबडी’, ‘आदिम’ म्हणणाऱ्यांनी भिंत पाहिलेलीच नसते. ती रेघ भिंतीशी झुंजून आलेली असते.

गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी ही भिंत शेणाने सारवलेल्या कापडावर आणली. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. हा सन्मान रास्तच होता. परंतु त्यांच्याआधी पिढ्यान् पिढ्या लग्नाचे चौक लिहिणाऱ्या सवाशिणी कुठे आहेत? कॅनव्हासवरचा थर ‘शैली’ ठरतो, भिंतीवरचा ‘परंपरा’. शैलीला नाव असते. परंपरेला नाव देण्याची गरज कोणाला वाटत नाही.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. माझ्या आईने जन्मभर जमीन सारवली. तिच्या बोटांनी उमटलेल्या अर्धवर्तुळांना कोणी पोत म्हटले नाही. ते काम होते, कला नव्हती. वारली समाजाचे दुःख माझे म्हणून मिरवण्याचा अधिकार मला नाही. श्रमाला सौंदर्याबाहेर ठेवणारी दृष्टी मात्र दोघांच्याही वाट्याला आली आहे.

म्हणून आपल्या तरुण चित्रकारांना सांगणे आहे : त्यांच्या त्रिकोणी आकृत्या उचलू नका, ती उसनवारी होईल. पृष्ठभाग पाहायला शिका. तो कोणी सारवला, हे विचारा. आणि उत्तर मिळाले तर ते नाव चित्राखाली लिहा.