नायसियाच्या ठरावाविषयीं एका अस्सल पत्राचें परीक्षण

येशू ख्रिस्ताचें ईश्वरत्व इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें बहुमतानें ठरविलें आणि रोमन बादशहा कॉन्स्टंटाइन यानें तें राजसत्तेच्या बळावर ख्रिस्ती जगावर लादलें, असें विधान पुस्तकांतून व व्याख्यानांतून वारंवार ऐकूं येतें. उलट पक्षीं, परिषदेनें नवें असें कांहींच केलें नाहीं, प्रेषितांच्या काळापासून सर्व ख्रिस्ती जें एकमुखानें मानीत आले तेंच तिनें लिहून काढलें, असें दुसरें विधान तितक्याच आवेशानें केलें जातें. परिषदेस सन २०२५ मध्यें १७०० वर्षें पूर्ण झालीं. तेव्हां या दोन्ही विधानांची साधनांवरून शहानिशा करणें अप्रस्तुत होणार नाहीं. कोणत्याहि धर्माच्या सिद्धान्ताची सत्यासत्यता ठरविणें हा आमचा अधिकार नव्हे व हेतूहि नव्हे. तो सिद्धान्त कोणीं, केव्हां, कोणत्या शब्दांत मांडला, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करतांना बखरीपेक्षां तत्कालीन पत्राचें प्रामाण्य अधिक, हा नियम आपण राजवाड्यांपासून शिकलों. तोच नियम येथें लावूं. नायसियाच्या परिषदेचें इतिवृत्त उपलब्ध नाहीं. उपलब्ध आहे तो परिषदेनें संमत केलेला मतांगीकार, तिचे २० नियम, कांहीं पत्रें, आणि मागाहून लिहिलेले ग्रंथ. उपस्थितांची संख्यादेखील एकवाक्यतेनें सांगितलेली नाहीं. एक समकालीन अडीचशेंहून अधिक म्हणतो, दुसरा सुमारें २७० म्हणतो, आणि पुढें रूढ झालेला ३१८ हा आंकडा अब्राहामाच्या ३१८ सेवकांच्या कथेशीं जुळविलेला दिसतो. अशा स्थितींत परिषदेस स्वतः हजर असलेल्या व ठरावावर सही केलेल्या एका बिशपानें ताबडतोब लिहिलेलें पत्र हातीं असणें ही मोठी भाग्याची गोष्ट होय. तें पत्र म्हणजे पॅलेस्टाइनमधील कैसरिया येथील बिशप युसीबियस यानें आपल्या मंडळीस धाडलेलें पत्र.

पत्राचा आशय थोडक्यांत असा. परिषदेंत काय घडलें याच्या वदंता तुमच्या कानीं आल्या असतील, म्हणून खरा वृत्तान्त कळवितों, अशी सुरुवात करून युसीबियस सांगतो कीं, आपल्या कैसरियाच्या मंडळींत पूर्वापार चालत आलेला मतांगीकार आपण परिषदेपुढें वाचला. त्यावर कोणींहि आक्षेप घेतला नाहीं. प्रत्यक्ष बादशहानें त्याची वाखाणणी केली, आणि त्यांत केवळ एक शब्द घालण्याची सूचना केली. तो शब्द ‘होमोऊसिऑस’, म्हणजे पुत्र हा पित्याशीं एकसत्त्व आहे असें सांगणारा. परंतु या एका शब्दाची भर घालण्याच्या मिषानें इतरांनीं निराळाच मसुदा तयार केला. त्या मसुद्यांतील प्रत्येक नव्या शब्दाचा अर्थ आपण विचारून घेतला, समाधान झाल्यावर सही केली, हें पुढें तो कलमवार समजावून देतो.

पत्र अस्सल आहे, म्हणून त्यांतील सर्व मजकूर खरा ठरत नाहीं. लिहिणारा कोण, कोणत्या पेचांत आहे, आणि कोणाची समजूत घालीत आहे, हें पाहिलें पाहिजे. एडुआर्ड श्वार्ट्झ या जर्मन पंडितानें १९०५ सालीं एक सिरियन भाषेंतील पत्र प्रसिद्ध केलें. त्यावरून असें दिसतें कीं, नायसियाच्या थोडेच महिने आधीं, ३२५ च्या आरंभीं, अंत्युखिया येथें भरलेल्या सभेनें याच युसीबियसास दोषी ठरवून, पश्चात्तापास अवसर देऊन, तात्पुरतें वाळींत टाकलें होतें. म्हणजे नायसियास तो पंचाच्या आसनावर नव्हे, तर अर्धाअधिक आरोपी म्हणून आला होता. आपला मतांगीकार त्यानें वाचला तो परिषदेस नमुना म्हणून, असें पत्र सुचवितें. परंतु आपल्यावरील बालंट दूर करण्यासाठीं वाचला, हें अधिक संभवनीय होय.

ही शंका दोन मसुदे शेजारीं ठेवल्यावर दृढ होते. कैसरियाच्या मसुद्यांत ख्रिस्तास देवाचा ‘शब्द’ म्हटलें आहे, नायसियाच्या मसुद्यांत त्या जागीं ‘पुत्र’ आहे. सर्व सृष्टीचा ज्येष्ठ, हें कैसरियाचें विशेषण नायसियांत गळालें, कारण त्यावरून पुत्र हा सृष्टीपैकींच एक असा अर्थ काढतां येई. उलट, पित्याच्या सत्त्वापासून जन्मलेला, सत्य देवापासून सत्य देव, जन्मलेला पण घडविलेला नव्हे, हीं पदें नवीं आलीं. एका शब्दाच्या भरीनें एवढा पालट होत नाहीं. नायसियाचा मतांगीकार कैसरियाच्या पायावर उभारला, असें मत पूर्वीं बहुतेक विद्वानांचें होतें. जे. एन. डी. केली यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत तें अमान्य केलें, व आम्हांसहि तेंच सयुक्तिक वाटतें. युसीबियसानें आपली बाजू सांवरण्यासाठीं स्वतःच्या मसुद्याचें महत्त्व वाढवून सांगितलें आहे.

मग या पत्राचा उपयोग काय? ज्या जागीं लेखक स्वतःच्या सोयीविरुद्ध बोलतो किंवा ज्या जागीं त्याची अडचण आपोआप उघडी पडते, त्या जागा इतिहासास मोलाच्या. सही करावयास तो सहजासहजीं तयार नव्हता, हें पत्राच्या प्रत्येक परिच्छेदांत दिसतें. अथेनेशियस तर स्पष्टच लिहितो कीं, आदल्या दिवशीं नकार देणाऱ्या युसीबियसानें मागाहून सही केली. एकसत्त्व या शब्दाचा अर्थ सांगतांना तो काय नाहीं हेंच युसीबियस मुख्यतः सांगतो. पित्याचे तुकडे पडत नाहींत, त्यास विकार होत नाहीं, देहधारी प्राण्यांप्रमाणें हें जनन नव्हे. पुत्र हा सृष्ट वस्तूंसारखा नसून सर्वथा पित्यासारखा, एवढाच अर्थ तो पदरांत घेतो. याहून मौजेची गोष्ट अशी कीं, एरियसाच्या वचनांचा निषेध आपण मान्य केला याचें कारण तो असें देतो कीं, तीं वचनें शास्त्रांत नाहींत व शास्त्राबाहेरील शब्दांमुळेंच सगळा घोटाळा झाला. परंतु एकसत्त्व हा शब्द तरी शास्त्रांत कोठें आहे? तेथें मात्र पूर्वींच्या थोर बिशपांनीं व लेखकांनीं तो वापरला होता, असा आधार तो शोधतो. हा आधारहि निर्वेध नव्हता. इ. स. २६८ मध्यें अंत्युखिया येथें समोसाटाच्या पौलाविरुद्ध भरलेल्या सभेनें हाच शब्द त्याज्य ठरविला होता, असें चौथ्या शतकांतील लेखक सांगतात.

पत्राच्या शेवटास आणखी एक कलम आहे. पुत्र प्रत्यक्ष जन्मण्यापूर्वींहि शक्तिरूपानें पित्याच्या ठायीं होताच, असा युक्तिवाद खुद्द बादशहानें केला, असें त्यांत म्हटलें आहे. नायसियाचे अभिमानी ज्या अर्थानें ठराव वाचीत, त्या अर्थास हें विवरण पोषक नाहीं. पत्राच्या प्रती अथेनेशियस, थिओडोरेट व पांचव्या शतकांतील धर्मेतिहासकार सॉक्रेटीस यांनीं जतन केल्या आहेत. यांपैकीं सॉक्रेटिसाच्या प्रतींत हें कलम नाहीं. सतराव्या शतकांत जॉर्ज बुल यानें तें मागाहून घुसडलेलें मानलें. न्यूमन यानें मात्र असें दाखविलें कीं, सॉक्रेटीस हा युसीबियसाची बाजू घेणारा असल्यामुळें त्यानें तें गाळलें असावें, आणि कलमाच्या आरंभाचा उल्लेख खुद्द अथेनेशियसाच्या लेखनांत सांपडतो. आमचा कौल न्यूमनकडे आहे. गाळण्यास कारण दिसतें. बादशहाच्या तोंडीं असा अडचणीचा युक्तिवाद नव्यानें घालण्यास तसें कारण दिसत नाहीं. प्रती उतरणारे व जपणारे हेहि कोणत्या तरी पक्षाचे असतात, याचें हें उत्तम उदाहरण होय. अथेनेशियसानें तरी हें पत्र कां जपलें? आपल्या विरोधकांच्या गुरूनेंच त्या शब्दावर सही केली होती, हें दाखविण्यासाठीं.

आतां पहिल्या विधानाकडे वळूं. ख्रिस्ताचें ईश्वरत्व नायसियांत जन्मास आलें काय? ‘मशीहा’ या हिब्रू शब्दाचा अर्थ अभिषिक्त. ‘ख्रिस्त’ हें त्याचेंच ग्रीक रूप. अभिषेक राजांस होई, याजकांस होई. म्हणून केवळ या पदवींत ईश्वरत्व अंगभूत नाहीं, हें खरें. परंतु पहिल्या शतकाच्या मध्यास पौलानें फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांतच ख्रिस्त हा आरंभीं देवाच्या रूपाचा असून त्यानें दासाचें रूप घेतलें, आणि त्याच्या नामापुढें सर्वांचे गुडघे टेकावे, अशी भावना आहे. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया-पाँटस प्रांताचा अधिकारी प्लिनी हा बादशहा ट्रेजन यास कळवितो कीं, हे लोक ठराविक दिवशीं पहाटेपूर्वीं जमून ख्रिस्तास देव मानून स्तोत्र म्हणतात. हा साक्षीदार ख्रिस्ती नव्हे, उलट त्यांची चौकशी करणारा आहे. आणि नायसिया हें नगर त्याच प्रांतांतलें. सन २००५ मध्यें इस्राएलांतील मेगिद्दो येथें सांपडलेल्या, तिसऱ्या शतकांतील मानलेल्या फरसबंदीवर देव येशू ख्रिस्त यास एका बाईनें मेज अर्पण केल्याचा ग्रीक लेख आहे. हे सर्व पुरावे परिषदेच्या आधींचे. फार काय, ज्याच्याविरुद्ध परिषद भरली तो एरियसहि ख्रिस्तास केवळ मनुष्य मानीत नव्हता. पुत्र हा युगांच्या पूर्वींचा, त्याच्या द्वारें जग झालें, असेंच तो म्हणे. मात्र पुत्रास आरंभ आहे व तो पित्याच्या इच्छेनें उत्पन्न झाला, हा त्याचा आग्रह. म्हणजे वाद ‘देव कीं मनुष्य’ असा नव्हता. ज्याची उपासना चालूच होती, तो कोणत्या अर्थानें देव, हा वाद होता.

मराठी वाचकाची येथें एक गफलत होण्यासारखी आहे. आपल्या मनांत अवतारकल्पना रुजलेली असल्यामुळें हा वाद पूर्णावतार कीं अंशावतार असा असावा, असें वाटूं लागतें. परंतु नायसियाचा मुख्य प्रश्न देवानें देह धारण केला कीं नाहीं हा नसून, देह धारण करण्यापूर्वीं जो होता त्याचें पित्याशीं नातें काय, हा आहे. फादर स्टीफन्स यांनीं सासष्टींत राहून रचलेलें व १६१६ सालीं रायतूर येथें छापलेलें सुमारें ११ हजार ओव्यांचें क्रिस्तपुराण वाचतांनाहि हा भेद ध्यानांत ठेवणें इष्ट. पुराण हें नांव आपलें, ओवी आपली, परंतु त्यांतील सिद्धान्त नायसियाकडून आलेला आहे.

दुसरें विधानहि टिकत नाहीं. सर्वांचें एकमत होतें तर युसीबियसास आपल्या मंडळीची समजूत कां घालावी लागली? मतांगीकारास शेवटपर्यंत विरोध करणारे लिबियाकडील थिओनास व सेकुंडस हे दोनच बिशप निघाले, हें खरें. परंतु निकोमीडियाचा युसीबियस व नायसियाचा थिओग्निस यांनीं सही करूनहि थोड्याच महिन्यांत हद्दपारी पत्करली. हेच पुढें परत बोलावले गेले, आणि ३३७ मध्यें मृत्युशय्येवरील कॉन्स्टंटाइनास बाप्तिस्मा दिला तो या निकोमीडियाच्या युसीबियसानेंच. नायसियाचा कैवारी अथेनेशियस पांच वेळां हद्दपार झाला. कॉन्स्टंटाइनाचा पुत्र कॉन्स्टँशियस याच्या अमदानींत ३५९-६० मध्यें झालेल्या ठरावांनीं ‘सत्त्व’ हा शब्दच वर्ज्य केला. पुढें थिओडोसियसाच्या कारकिर्दींत ३८१ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेनें नायसियाचा पक्ष कायम केला. राजसत्तेचा हात आरंभीं होता, मध्यें विरुद्ध बाजूस होता, शेवटीं पुनः अनुकूल झाला. बादशहाच्या हुकुमानें मत ठरतें असें मानल्यास तें ३६० मध्येंच बुडावयास पाहिजे होतें. तें ५६ वर्षें धडपडत राहिलें, याचा अर्थ त्यामागें हुकुमाहून अधिक टणक असें कांहीं होतें.

या सर्वांचा निष्कर्ष असा. ख्रिस्ताची उपासना नायसियापूर्वींची. नायसियानें तिला एक परिभाषा दिली. ती परिभाषा सर्वांस पूर्वींपासून मान्य नव्हती, सही करणारांसहि तिचा अर्थ एकच भासला नव्हता, आणि ती रूढ होण्यास दोन पिढ्या लागल्या. बादशहानें परिषद बोलाविली, शब्द सुचविला किंवा उचलून धरला, न मानणारांस शासन केलें. परंतु श्रद्धा त्यानें निर्माण केली नाहीं. दुसऱ्याच्या धर्माचा इतिहास लिहितांना तो एखाद्या दरबारी कारस्थानाएवढा लहान करण्याचा मोह होतो, आणि स्वतःच्या धर्माचा लिहितांना त्यांतील भांडणें पुसून टाकण्याचा होतो. सॉक्रेटिसाच्या प्रतींत गळालेल्या एका कलमानें दुसऱ्या मोहाची साक्ष दिली आहे. प्लिनीच्या एका पत्रानें पहिल्याचें उत्तर दिलें आहे. कचरणाऱ्या, सारवासारव करणाऱ्या, पण कागदावर कांहीं तरी लिहून ठेवणाऱ्या युसीबियसासारख्या साक्षीदाराचे आपण ऋणी असलें पाहिजे. तो धीट असता तर हें पत्र लिहिण्याची गरज त्यास पडली नसती, आणि त्या उन्हाळ्यांत सही करणाराच्या मनांत काय चाललें होतें, हें आपणांस कधींच कळलें नसतें.