डोमखेडीची होळी, दोनदा पाहिलेली

'अ नर्मदा डायरी' हा माहितीपट सुरू होतो तो नाचाने. सातपुड्यातल्या डोमखेडी गावची होळी. या भागात होळीचा नवस केलेले गडी अंगभर राखेचे ठिपके काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात, कमरेला वाळके दुधी आणि घुंगरू बांधतात आणि 'बुध्या', 'बावा' होऊन ढोलाच्या तालावर रात्र जागवतात. पाहताना डोळ्यांचे पारणे फिटते. पण नाचणाऱ्यांपैकी एकालाही आपण ओळखत नसतो. कॅलेंडरवर आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात पाहिलेला 'नाचणारा आदिवासी' तेवढा आपल्याला दिसतो.

आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा १९९५ सालचा हा तासाभराचा माहितीपट शेवटाकडे पुन्हा होळीच्या नाचावर येतो. तोच ढोल, तेच टोप. आता मात्र नजर टोपावर ठरत नाही, ती टोपाखालच्या चेहऱ्यावर जाते. पाण्यात घर गेले तरी हटणार नाही म्हणणारी, मोर्चात चाललेली, पोलिसांसमोर उभी राहिलेली हीच माणसे, हे आपल्याला कळलेले असते. नाच बदललेला नाही, पाहणारा बदलला आहे. मला या चित्रपटातली सर्वांत मोठी कलात्मक कामगिरी हीच वाटते, आणि त्यासाठी निवेदनाचे एक वाक्यही खर्ची पडत नाही.

दोन होळ्यांच्या मधला भाग नावाप्रमाणे डायरीचा आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्रातली ३३ गावे बुडितात येणार होती. त्यांतले पहिले अक्कलकुवा तालुक्यातले मणिबेली. तेव्हा हा तालुका धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १९९८ मध्ये. १९९३च्या पावसाळ्यात धरणाचे पाणी मणिबेलीत शिरले. त्याच वर्षी मार्चमध्ये भारत सरकारने जागतिक बँकेच्या कर्जाचे उरलेले हप्ते सोडून दिले होते, आणि नोव्हेंबरमध्ये चिंचखेडी भागात पोलिसांच्या गोळीने रहमल वसावे हा पंधरा वर्षांचा मुलगा मारला गेला. 'कोई नहीं हटेगा, बाँध नहीं बनेगा' ही घोषणा त्या दिवसांची. सरकारचे नि जागतिक बँकेचे निर्णय आणि डोंगरावरचे कुडाचे घर यांच्यामध्ये किती थोडे अंतर असते, ते या काळाने दाखवले.

हा चित्रपट तटस्थ नाही आणि तसा आवही आणत नाही. कॅमेरा बुडणाऱ्यांच्या बाजूने उभा आहे. लांबून आलेला माणूस एका दौऱ्यात असे चित्रण करू शकत नाही. पुन्हा पुन्हा जावे लागते, ओट्यावर बसावे लागते, कॅमेरा बंद ठेवूनही थांबावे लागते. ओळख झाल्यावर माणूस कॅमेऱ्याकडे वेगळ्या डोळ्यांनी पाहतो, आणि तो फरक पडद्यावर उतरतो. एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. कॅमेरा शेवटपर्यंत शहरातून आलेल्यांच्याच हातात राहतो. तिथल्याच पावरा किंवा भिल आदिवासींच्या पोराने ही डायरी लिहिली असती, तर त्यात धरणाइतकेच कदाचित मोहाचे, शेळ्यांचे, लग्नात वधूसाठी द्यायच्या देजाचेही आले असते.

मी हे लिहितो आहे बुलडाणा जिल्ह्यासाठी, कारण सातपुडा अक्कलकुव्यात संपत नाही. पूर्वेकडे येत येत तो आपल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या माथ्यावर उभा राहतो. त्याच्या कुशीत कोरकू, भिल, निहाल राहतात. यांतल्या निहालांच्या निहाली भाषेचे जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही, आणि ती बोलणारे उरलेत जेमतेम दोन-अडीच हजार. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग असलेल्या अंबाबरवा अभयारण्याच्या टापूत पुनर्वसन हा शब्द लोकांना चांगलाच ठाऊक आहे. इथेही ध्वनिमुद्रणाची यंत्रे आणि कॅमेरे येतात. भाषेचे अभ्यासक शब्द टिपून नेतात, वार्ताहर कुपोषणाची बातमी नेतात, हौशी मंडळी नाच आणि दागिने नेतात. अभ्यासकांचे काम मोलाचे आहे, ते झालेच पाहिजे. पण नेलेले परत आणून वाडीतल्या लोकांना दाखवण्याची रीत आपल्याकडे अजून पडलेली नाही.

तेव्हा विनंती एवढीच. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि चित्रपट मंडळांनी 'अ नर्मदा डायरी' जरूर दाखवावा, पण पहिला खेळ बुलडाण्याच्या सभागृहात न करता सातपुड्याच्या पायथ्याशी, आश्रमशाळेच्या पटांगणात करावा. तिथल्या म्हाताऱ्यांना आणि पोरांना पुढच्या रांगेत बसवावे. खेळ संपला की आधी त्यांना बोलू द्यावे, आणि एक कॅमेरा त्यांच्याकडे ठेवून यावे.