जुन्या कागदांवर नवे परवाने

हस्तलिखितांचीं छायाचित्रें आंतरजालावर ठेवतांना त्यांखालीं परवान्याची एक ओळ लिहिण्याचा प्रघात आतां पडला आहे. हे परवाने बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्स या अमेरिकेंत स्थापन झालेल्या संस्थेचे असतात. ते २००२ मध्यें प्रथम निघाले. त्यांची चौथी आवृत्ति २०१३ ची आहे. सहाहि परवान्यांत कर्त्याचा निर्देश आवश्यक असून, कांहींत व्यापारी उपयोगास मनाई, कांहींत रूपांतर प्रसिद्ध करण्यास मनाई, तर कांहींत रूपांतर त्याच अटींवर देण्याचें बंधन असतें. योजना सुबोध व उदार आहे, याविषयीं दुमत नाहीं. आमचा आक्षेप तिच्या विनियोगावर आहे.

परवाना देणारापाशीं आधीं हक्क असावा लागतो. आपल्याकडील १९५७ चा ग्रंथस्वामित्वाचा कायदा सामान्यतः कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें संरक्षण देतो. पेशवाईंतील कारकुनाच्या पत्रावर आज असा हक्क कोणाचाच नाहीं. कागदाची मालकी निराळी, मजकुराचें स्वामित्व निराळें. हुबेहूब छायाचित्र घेतल्यानें तरी नवी कृति होते काय? अमेरिकन न्यायालयानें १९९९ मध्यें ब्रिजमन खटल्यांत ‘नाहीं’ असें उत्तर दिलें. यूरोपीय संघानें २०१९ च्या निर्देशांत दृश्य कलाकृतींपुरता तोच मार्ग धरला.

रूपांतराची मनाई तर संशोधनाच्या मुळावरच येते. ती खरी मानल्यास मोडी पत्राचें भाषांतर छापतां येणार नाहीं, व बाळबोध लिप्यंतर करणाराहि साशंक होईल. जेथें हक्कच नाहीं तेथें परवान्याच्या अटी लागू होत नाहींत, हें त्या परवान्यांनाहि मान्य आहे. परंतु हें न जाणणारा प्रामाणिक अभ्यासक त्या ओळीपाशींच थबकतो; बेपर्वा मनुष्य ती वाचीतहि नाहीं. वाईच्या दप्तरांवर असे निर्बंध असते, तर राजवाड्यांचा साधनांचा पहिला खंड १८९८ मध्यें निघणें कठीण होतें.

घराण्यांनीं दप्तरें जपलीं, संस्थांनीं छायाचित्रणाचा खर्च सोसला. त्यांचा नामनिर्देश झालाच पाहिजे. तथापि तें संशोधकाच्या सचोटीचें ऋण आहे, त्यास कायद्याचें सोंग नको. संपादकाची प्रस्तावना, टीपा व भाषांतर हीं त्याचीं स्वतःचीं. त्यांवर त्यानें इष्ट तो परवाना अवश्य घालावा. मूळ कागदासाठीं त्याच संस्थेनें २०१० मध्यें काढलेलें सार्वजनिक स्वामित्वाचें चिन्ह पुरेसें आहे. त्याच्या जोडीला दप्तराचें नांव, रुमालाचा क्रमांक व धारकाचा उल्लेख द्यावा. संग्राहकांनीं आपल्या छायाचित्रांखालील ओळी या दृष्टीनें पुन्हा तपासाव्या, अशी आमची सूचना आहे.